वजनकाट्यावरचं घर

जगातली बहुतेक संकटं वजन न करता सामान भरल्यामुळे येतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि माझं नशीब थोर म्हणून तो माझा घरमालक निघाला. पूल पडो, लग्न मोडो, सरकार कोसळो किंवा शेजारचा मुलगा बारावीला नापास होवो, काकांना कारण विचारलं की ते क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "मागं जास्त भरलं असणार." पुढे कधी जास्त भरलं जातं यावर त्यांचा विश्वास नव्हता. माणसाचा स्वभावच मुळी मागे भरण्याचा आहे, असं ते सांगत, आणि हे सांगताना समोरचा माणूस खुर्चीत कुठल्या बाजूला कलून बसला आहे तेही पाहून घेत.

खुलताबादच्या पुढच्या एका लहान गावातून मी कॉलेजसाठी आलो, तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आमच्या घरात कॉलेजचं दार कुणी बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. वडील सोडायला आले होते. त्यांच्या खांद्यावर बाजरीचं पोतं, माझ्या हातात लोखंडी पेटी. उस्मानपुऱ्यातल्या त्या घराच्या दारातच काकांनी आम्हाला थांबवलं. मला वाटलं, आता गाव विचारतील, मार्क विचारतील. काकांनी दारामागच्या खुंटीवरचा हुकाचा काटा काढला, माझी पेटी त्याला लटकवली, मग खाली ठेवली आणि म्हणाले, "पुस्तकं सगळी एका बाजूला भरलीत. म्हणून हा मुलगा वाकडा चालतोय." तिथेच उंबऱ्यापाशी मांडी घालून त्यांनी माझी पेटी उपसली आणि पुन्हा भरली. जड पुस्तकं तळाला मधोमध, कपडे भोवतीनं, आईनं दिलेली चटणीची बाटली कपड्यांच्या पोटात. शहरातला शिकलेला माणूस आपल्या पोराची पुस्तकं जमिनीवर बसून लावतो आहे, हे पाहताना वडील खांद्यावरचं पोतं उतरवायचंच विसरले. परत जाताना बस स्टँडवर ते मला म्हणाले, "पोरा, ह्या माणसाला सोडू नगं. ह्यो लई पोचलेला हाय."

काका पोस्टात होते. सगळी नोकरी पार्सलच्या खिडकीमागे गेली. गुवाहाटीपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारी गाठोडी त्यांनी तोलली, स्वतः मात्र रजा घेऊन पैठणच्या पलीकडे फारसे गेले नाहीत. निवृत्तीनंतर खिडकी सुटली, पण तोलणं सुटलं नाही. त्यांच्या स्कूटरवर मागे बसणं हा एक विधीच होता. "पुढं सरक. आणखी. डावा खांदा सैल सोड. हां, आता श्वास घे," असं सगळं झालं की मगच गाडीला किक बसायची. भाजी आणायची ती दोन पिशव्यांत, हँडलच्या दोन बाजूंना, आणि दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत मंडईच्या तोंडाशी उभं राहून वांग्याला वांगं बदलत. एकदा त्यांना एक भला मोठा लाल भोपळा आवडला. तो एका बाजूला लावला तर तोल जाणार, म्हणून दुसऱ्या बाजूसाठी त्यांनी तेवढाच दुसरा भोपळा घेतला. पुढे कितीतरी दिवस त्या घरात भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत आणि भोपळ्याचे घारगे होत राहिले. मी भाडेकरू असूनही मला त्यातून सूट मिळाली नाही.

लग्नकार्यात तर त्यांना नेणं म्हणजे जोखीम होती. नात्यातल्या एका लग्नात फोटोसाठी सगळे स्टेजवर चढले, तेव्हा काका खालून ओरडले, "नवरदेवाकडचे जास्त झालेत! दोघं उतरा, नाहीतर नवरीकडचे दोघं वर पाठवा!" ज्यांना त्यांनी बोटानं दाखवलं ते नेमके नवरदेवाचे मामा होते. मामा जे उतरले ते थेट मांडवाबाहेर. त्यांना जेवायला बसवता बसवता काकूंचा घसा सुकला. शेवटी काका समजूत घालायला गेले आणि म्हणाले, "अहो, तुमच्या एकट्यानं फरक पडत होता, म्हणून तुम्हाला म्हटलं." मामा पंगतीतून पुन्हा उठले.

या सगळ्यावर काकूंचं म्हणणं एकच. "माझी पाठवणी झाली तेव्हा सगळं माहेर रडत होतं. मी दादाच्या गळ्यात पडून रडत होते. आणि हे? हे गाडीत मागं फार झालंय म्हणून रुखवताचा हंडा पुढं सरकवत होते." काका हे ऐकून जराही ओशाळत नसत. "हंडा पुढं सरकवला म्हणून तू धड पोचलीस," एवढंच ते म्हणत.

माझ्यावर या जोडप्याचे उपकार किती, हे सांगत बसलो तर हा लेख त्यातच संपेल. पहिल्या मुलाखतीला नागपूरला जायचं होतं, तेव्हा काकूंनी दशम्या बांधून दिल्या आणि काकांनी माझी बॅग भरली. सगळं जड तळाला घातलं आणि पदवीचं प्रमाणपत्र मात्र अगदी वर ठेवलं. मी विचारलं, "काका, हे हलकं आहे म्हणून वर?" तर म्हणाले, "तुमच्या घरात एवढं जड अजून कुणी उचललेलं नाही. पण हे हाताशी असलेलं बरं." नोकरी लागली, लग्न झालं, त्याच शहरात मी घर केलं. तरी दर रविवारी माझी स्कूटर आपोआप उस्मानपुऱ्याकडे वळायची.

मधल्या काळात काकूंची पाठ गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर त्यांना फार वेळ बसता येईना. उशांना टेकून थोडा वेळ, की पुन्हा आडवं. एसटी, रेल्वे, जीप, सगळं बंद. याचं काकूंना दुःख होतं ते एकाच कारणानं. त्यांचे दादा नांदेडच्या पुढच्या एका खेड्यात राहत. आई लवकर गेलेली, त्यामुळे काकूंच्या वेण्या दादांनीच घातलेल्या. लग्नानंतर एकही भाऊबीज त्यांनी चुकवली नव्हती; ऑपरेशननंतर मात्र सगळ्या चुकल्या. दादाही आता थकले होते, त्यांच्यानं प्रवास होत नव्हता. फोन करावा तर त्यांना पार ऐकू येईनासं झालेलं. मी काकूंना व्हिडिओवर बोलायचं शिकवलं. पण दादा तोही फोन कानालाच लावायचे. त्यामुळे वर्षभर काकूंना पडद्यावर भावाचा फक्त कान दिसला. त्या कानाकडे बघूनही त्या बोलायच्या, "दादा, वाळलास रे."

एका दिवाळीनंतर काकू सहज म्हणाल्या, "आता ह्या जन्मात दादाला ओवाळणं काही व्हायचं नाही." काका शेजारी बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची घडी घातली आणि बाहेर गेले. पुढच्या रविवारी मी गेलो तर बोळाच्या तोंडाशी एक पिवळी मिनीबस उभी. कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेली. मागच्या काचेखाली अजून अक्षरं होती: 'सावकाश! आत मुले आहेत.' मी म्हणालो, "काका, हे पुसून टाकू." काका म्हणाले, "कशाला? मुलं नसली तरी सावकाश हे खरंच आहे."

त्या बसचं त्यांनी घर करायचं ठरवलं. परवाने रीतसर काढले आणि गाडी जालना रोडवरच्या एका गॅरेजात नेली. गॅरेजचे मालक चाचा जुने कारागीर. त्यांनी सागवानी कपाट, छतावर सामानाची जाळी, मागे स्वयंपाकाचा ओटा असा थाट मनात धरला होता. काकांनी एकेक करून जवळजवळ सगळं हाणून पाडलं. छतावर काही नाही. छतावरचं सामान वळणावर आपलं ऐकत नाही. पाण्याची टाकी खाली, दोन चाकांच्या जोड्यांच्या मधे. गॅसची टाकी उभी आणि पट्ट्यानं बांधलेली. काकूंचा पलंग बुटका, मधोमध, त्याला नवारीचे रुंद पट्टे, म्हणजे ब्रेक लागला तरी काकू जागच्या हलायच्या नाहीत. प्रत्येक फळी बसवण्याआधी काका ती हुकाच्या काट्याला लावून बघायचे. शेवटी चाचांनी हात टेकले. "काका, तुमे गाडी बनवारे के तराजू?"

"दोन्ही," काका म्हणाले.

दिवाळीच्या आधी गाडी तयार झाली आणि आम्ही ती चिकलठाण्याच्या पुढच्या वजनकाट्यावर नेली. तो मोठा काटा, ज्यावर अख्खा ट्रक चढतो. हंगाम सुरू झालेला, मागे कापसाच्या आणि मक्याच्या गाड्यांची रांग. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "काय माल हाय?"

"घर," काका म्हणाले.

"भंगार का?"

"घर. राहतं घर."

आता त्यानं मान वर केली. "राहतं घर यादीत नाय बसत, काका. कापूस, मका, सोयाबीन, वाळू, भंगार. ह्यातलं सांगा."

मी मधे पडून 'फर्निचर' लिहायला लावलं. पण काकांना एकच वजन नको होतं. आधी सगळी गाडी, मग नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची, मग एका अंगाची. एकूण वजन बसतं आणि तरी मागचं चाक फुटतं, असं त्यांचं शास्त्र. आम्ही गाडी पुढे घे, मागे घे करत होतो आणि मागचे ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून उभे. एकजण खाली उतरून आला. "ओ काका, मुक्काम टाकला का काट्यावर? च्या सांगू का?" काकांनी खरोखरच चहा घेतला. पण आकडे आले ते उत्तम आले. मर्यादेच्या आत, वर हवी तेवढी मोकळीक. काका परतीच्या वाटेवर चक्क गुणगुणत होते.

घरी आलो. काकू पलंगावरून म्हणाल्या, "जमलं का?" काका "जमलं" म्हणाले, चहाचा कप उचलला आणि तो अर्ध्यावरच थांबला.

"आपण कुठं आहोत?" त्यांनी मला विचारलं.

"घरात," मी म्हणालो.

"ह्या वजनात आपण कुठं आहोत?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काट्यावर मालाचं वजन होतं, माणसं आधी खाली उतरतात. ती तिथली रीतच. आम्हीही उतरलो होतो, आणि सगळ्यात आधी काका उतरले होते. शिवाय पाण्याची टाकी कोरडी होती. काकांनी न पिताच कप खाली ठेवला. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "पार्सलच्या खिडकीवर पाठवणाऱ्याचं वजन कुणी करत नाही रे." मी त्यांना एवढं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. काकूंना मात्र हसू आवरेना. हसलं की पाठ दुखायची, दुखली की "आई गं" म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या.

मग गाडीतून सामान निघायला लागलं. घडीच्या खुर्च्या निघाल्या, दुसरा कुकर निघाला. चाचांनी हट्टानं बसवलेलं छोटं सागवानी कपाट निघालं आणि त्या जागी कापडी कप्पे लोंबू लागले. "इत्ती मेहनत से बनाया मैं, और तुमे कपडे लटकारे," म्हणत चाचांनी ते कपाट मुलासारखं उचलून परत नेलं. तीन माणसांची आणि पाण्याची जागा झाली. तीन म्हणजे काका, काकू आणि गाडी चालवायला मी, कारण काकांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. माझ्या बहिणीनं फोनवर मला मोकळं केलं होतं. "काकूंना पोचव आधी. माझी ओवाळणी पळून जात नाय."

सगळं जुळलं होतं. आणि मग बोळाला कळलं.

दिवाळीत लेकीला फराळ पाठवायचा असतो आणि तिकडे जाणारं माणूस सापडत नसतं. इथे तर जाणारं अख्खं घर सापडलं होतं. समोरच्या जोशीकाकू आल्या. "जालन्यावरूनच जाणार ना? आमच्या सुनीताचे दोन डबे." डब्यांबरोबर तिचं लग्नाआधीचं शिलाई मशीनही आलं, लोखंडी, पायंडलसकट. पलीकडच्या शिंदेमावशींची लेक परभणीला. तिच्यासाठी फराळ, गोधड्या आणि पाटा-वरवंटा. काका पाट्याकडे बघतच राहिले.

"मावशी, हा दगड आहे. परभणीला दगड मिळत नाहीत?"

"मिळत्यात की. पण ह्यो तिच्या हातातला हाय."

काकांनी निदान फराळात तडजोड काढायचा प्रयत्न केला. "लाडवाऐवजी चिवडा द्या. डबा तेवढाच दिसतो, वजन निम्मं." जोशीकाकू म्हणाल्या, "पोरीला बेसनाचा लाडू आवडतो हो. चिवडा जावयाला आवडतो." म्हणजे मग दोन्ही आले. काका एकेक डबा हुकाला लावत आणि प्रत्येक वेळी काकूंकडे बघत. काकूंनी कुणालाच नाही म्हटलं नाही. दिवेलागणीला त्या मला हळूच म्हणाल्या, "माहेराहून काही येईल म्हणून वाट बघणं काय असतं, ते ह्यांना काय कळणार."

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सगळं भरून, टाकीत पाणी घेऊन, काकूंना पलंगावर पट्ट्यांत बांधून आम्ही पुन्हा त्या काट्यावर गेलो. खिडकीतल्या माणसानं आम्हाला ओळखलं. "आलं का घर? उतरा सगळे."

"या वेळी कुणी उतरणार नाही," काका म्हणाले. "माणसांसकट करायचंय."

"माणसं उतरल्याबिगर काटा होत नाय, काका. नियम हाय."

तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला. "अहो भाऊ, मला उतरता येत नाही. पाठ देत नाही माझी."

तो माणूस बाहेर आला. आत डोकावला. पट्ट्यांत बांधलेल्या काकू, त्यांच्या उशाशी ओवाळायचं ताट, पायाशी शिलाई मशीन. त्यानं डोकं खाजवलं. "बरं मावशी, निजा. फकस्त हलू नका."

"हलता आलं असतं तर ह्यांच्या गाडीत कशाला आले असते?" काकू म्हणाल्या.

काटा झाला. मागची चाकं जास्त भरत होती. फार नाही, एका माणसाएवढं. मी म्हणालो, "काका, एवढ्यानं काय होतंय? आपल्या मागं ट्रक बघा, दुपटीनं भरलेत. सावकाश जाऊ." काका माझ्यावर आयुष्यात रागावले नव्हते. तेव्हाही रागावले नाहीत. मला थोडं बाजूला नेऊन म्हणाले, "बसलेला माणूस झटका बसला तर हातानं काहीतरी धरतो. निजलेला काय धरणार? त्यात हिला मी बांधून ठेवलीय. टायर गेला तर हिला हलतासुद्धा यायचं नाही." त्यांच्या तोंडून वजनाबद्दल हजारदा ऐकलं होतं, पण त्यांना त्याची भीती वाटते हे मला तेव्हा कळलं.

"मग डबे उतरवू," मी म्हणालो.

"माझ्या शब्दावर दिलेत लोकांनी," आतून काकू.

काकांनी डोळे मिटले. पुटपुटले. मग उघडले आणि म्हणाले, "मी उतरतो."

"म्हणजे?"

"जेवढं जास्त आहे तेवढा मी आहे. मी बसनं पुढं जातो. जालन्याला मशीन उतरेल, परभणीला पाटा उतरेल. परभणीच्या स्टँडवर मी चढतो. हिशेब साफ आहे."

"मला गाडीत निजवून तुम्ही एसटीनं?" काकू ओरडल्या. "हे घर बांधलं कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," काका म्हणाले. "म्हणूनच म्हणतो."

भाऊबीजेच्या पहाटे काका हातात छोटी पिशवी आणि हुकाचा काटा घेऊन बसनं गेले, आणि उजाडता उजाडता मी काकूंना घेऊन निघालो. काकूंना पलंगावरून फक्त आभाळ दिसत होतं आणि रस्त्याकडेच्या उंच वस्तू. तेवढ्यावर त्यांचा प्रवास चालला होता. "लिंब गेला. तारा आल्या. पाण्याची टाकी दिसतेय, बदनापूर आलं का?" इतक्या वर्षांनी घराबाहेर पडलेलं ते माणूस विजेच्या तारांनाही नावाजत होतं. "केवढ्या लांब गेल्यात बघ."

जालन्याला सुनीतानं मशीनवर हात ठेवला आणि रडायलाच लागली. तिच्या सासऱ्यांची मोसंबीची बाग. आमचं मशीन उतरतं न उतरतं तोच त्यांनी मोसंबीची दोन भरलेली पोती गाडीत चढवली. मी हात जोडले. "काका रागावतील हो, वजन जास्त होतं." ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "माझ्या दारातनं रिकामी गाडी जाऊ देऊ व्हय? गाव काय म्हणंल?" हा सूर मी लहानपणापासून ऐकलेला. त्याला नाही कसं म्हणायचं ते मला कुठल्याही वर्गात शिकवलेलं नाही. शिवाय आतून काकू म्हणतच होत्या, "ठेवू द्या हो, ठेवू द्या." काकांच्या हिशेबात सगळं होतं, लेकीच्या घरून डबा रिकामा परत येत नाही, एवढंच त्यांनी धरलं नव्हतं.

परभणीच्या स्टँडबाहेर काका उन्हात उभे होते. आम्ही दिसताच त्यांनी आमच्याकडे नाही, मागच्या टायरकडे पाहिलं.

"मशीन उतरवलं?"

"उतरवलं."

"मग हे टायर असं का बसलंय?"

मी दार उघडलं. मोसंबीचा वास बाहेर आला. शिंदेमावशींचे जावई स्कूटर घेऊन आलेच होते. पाटा, गोधड्या, डबे त्यांनी उतरवून घेतले. तरी काका काटा घेऊन पोत्यांशी खटपट करत बसले आणि शेवटी उठले. "नाही बसत. तुम्ही पुढं व्हा. मी नांदेडची बस बघतो."

नांदेडहून त्या खेड्याला संध्याकाळची गाडी मिळणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हणजे काका भाऊबीजेला पोचणार नव्हते.

"तुम्ही चढल्याशिवाय ही गाडी हलायची नाही," काकू म्हणाल्या.

"अगं, वजन—"

"वजन मी उतरवते. ते पोतं माझ्या खिडकीशी ओढ रे."

मी ओढलं. काकूंनी पडल्या पडल्या खिडकीतून हात बाहेर काढला. त्या हातात दोन मोसंब्या होत्या. "घ्या बाई, भाऊबीज आहे." पहिली बाई थबकली, मग तिनं पदर पुढे केला. मग एक म्हातारा आला, मग शाळकरी मुली, मग शेजारी लागलेल्या बसच्या खिडक्यांतून हात बाहेर आले. कंडक्टरनं टोपीत घेतल्या. बघता बघता गर्दी झाली. कुणीतरी मागून विचारलं, "कुणाची मोसंबीतुला हाय, मावशी?"

"आमच्या ह्यांची," काकू म्हणाल्या.

"कोण हायेत साहेब? आमदार हायेत का?"

"नाही हो. हट्टी आहेत."

काका बाजूला लाल होऊन उभे होते. पण काटा त्यांच्या हातातच होता, आणि मधूनमधून ते उरलेलं पोतं हुकाला लावून बघत होते. एकदा मान हलवून "अजून थोड्या" म्हणाले. लोकांना वाटलं साहेबांचा हात सढळ आहे. शेवटी दुसऱ्या पोत्याच्या तळाशी जेमतेम पाटीभर मोसंबी राहिली, तेव्हा त्यांनी काटा खिशात घातला. "आता बसेन," म्हणाले आणि चढले. स्टँडवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा सगळा रस्ता काका एक शब्द बोलले नाहीत, आणि काकू एक क्षण गप्प बसल्या नाहीत.

दिवस कलता कलता आम्ही पोचलो. दादा स्वच्छ धोतर नेसून, नवी टोपी घालून दुपारपासून ओट्यावर बसले होते, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. ओट्याच्या पायऱ्या उंच. काकूंना त्या चढणं शक्य नव्हतं. म्हणून दादाच माझा आणि सुनेचा हात धरून गाडीत चढले. काकूंना उशांना टेकवून बसवलं. दादा समोरच्या फळीवर बसले. त्यांचे गुडघे काकूंच्या पलंगाला टेकले, इतकी ती जागा लहान. मी निरांजन लावलं. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात दादा म्हणाले, "लई उशीर केलास गं!" तेवढंच. मग काकूंनी त्यांना ओवाळलं. टेकून बसून ताट पेलेना, म्हणून खालून मी हात लावला. दादांनी ताटात एक खण ठेवला.

पुढच्या दिवाळीला दादा नव्हते. ते घर तेव्हाही तयार होतं, टाकी भरलेली, चाकांत हवा. पण ते मला त्या संध्याकाळी माहीत नव्हतं.

मी ताट बाजूला ठेवलं आणि खाली उतरलो. काका दाराशी उभे होते, गाडीकडे पाठ करून. "आत या ना काका," मी म्हणालो. एका बाजूला दोघं झालेत, तिसऱ्यानं चढू नये, असं काहीतरी ते सांगतील, अशी माझी तयारी होती. पण ते हळू आवाजात म्हणाले, "नको. बोलतायत दोघं. बोलू दे."

मी मागे वळून पाहिलं. आत कुणीच बोलत नव्हतं.